आशेचा भाव

कामशेतच्या बाजारपेठेत सारिका असवलेचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, पीकविम्याचे अर्ज ही तिची रोजची कामं. दुपारी साडेतीनला शेअर बाजार बंद झाला की मात्र ती ऑप्शन चेन नावाचा एक तक्ता छापून घेते आणि पेन्सिल घेऊन त्यावर वाकते. बाजार चढेल असं वाटणारे कॉल घेतात, पडेल अशी भीती असणारे पुट. कुठल्या पातळीवर किती सौदे उभे आहेत आणि त्यांचा भाव काय, हे त्या तक्त्यात दिसतं.

ही विद्या तिला फुकट मिळाली नाही. चार वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या टिपा ऐकून तिने कॉल घेतले आणि साठवलेले अठरा हजार तीन आठवड्यांत गेले. दुसरं कोणी कानाला खडा लावून मोकळं झालं असतं. सारिकाला एकच सलत राहिलं. शेवटच्या खेपेला बाजार चढला होता, तरी पैसे बुडाले. ते का, हे शोधायला बारावी शिकलेल्या या बाईने पुढची दोन वर्षं एकही सौदा न करता नुसते आकडे वाचले.

बजेटच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायला तिच्याकडे गेलो होतो. तेवढ्यात टाकव्याचे विठ्ठलभाऊ आले. कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले, हातात फंडाची रक्कम.

"सारिका, पोरानं खातं उघडून दिलंय. बजेट चांगलं येणार म्हणत्यात. दोन लाखांचे कॉल घेऊ का?"

"घ्या का नको, ते मी कुणालाच सांगत न्हाई, भाऊ. हे दोन कागद तेवढे बघा." तिने दहा दिवसांपूर्वीचा आणि त्या दिवसाचा तक्ता शेजारी ठेवला. "तवा ह्या कॉलचा भाव नव्वद हुता, आज दोनशे दहा. बाजार मात्र हाय तितंच हाय. मग वाढलं काय?"

भाऊंनी बराच वेळ बोट फिरवलं. "लोकांची आशा वाढली म्हनायची."

"व्हय. भाषण संपलं की ती उतरंल. बाजार थोडा चढला तरी ह्यो भाव पडू शकतो."

भाऊ थोडे नाराज होऊन गेले, पण कॉल घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजार ऐंशी अंकांनी चढला आणि तो कॉल एकशेतीसवर आला. संध्याकाळी भाऊ चिवड्याची पुडी घेऊन दुकानात आले आणि ती टेबलावर ठेवली.

तेव्हापासून तिचं नाव झालं. माझा आदर मात्र पुढच्या एका प्रसंगाने वाढला. जूनमध्ये एका पातळीवर पुट विकणाऱ्यांची मोठी गर्दी होती. बाजार त्याखाली जाणार नाही अशी खात्री असली, की लोक पुट विकतात. सारिका म्हणाली, "हितं भक्कम आधार दिसतोय." दुसऱ्याच दिवशी बाजार ती पातळी तोडून तीनशे अंक खाली गेला.

त्याच्या दुसऱ्या सकाळी दुकानाच्या काचेवर तिच्या अक्षरात कागद लागला होता : 'काल माझं वाचन चुकलं.'

"काढ त्यो," विठ्ठलभाऊ म्हणाले. "गिऱ्हाईक तुटंल."

"तुटू दे. चुकलेलं झाकलं तर बरोबर आलेल्याला काय किंमत?"

भाऊंनी स्टूल ओढलं. "बरं, चुकलं कुटं ते मला दाव."

दोघं तासभर बसले. आधार दिसतोय म्हणाली त्या दिवशी, प्रवेशअर्जांच्या गर्दीत, तिने दोन वाजताचाच तक्ता छापला होता. शेवटच्या तासात पुट विकणारे भराभर काढता पाय घेत होते, ते तिने पाहिलंच नव्हतं.

भाऊंनी अजून एकही कॉल घेतलेला नाही. साडेतीनला मात्र ते रोज हजर असतात, आणि तक्ता छापून आला की आधी त्यावरची वेळ तपासतात.