डोळ्यात लावायचं रोप

उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचा, डावा डोळा बारीक करून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाकडं बघायचं आणि शेजारी जो कोण असेल त्याला विचारायचं, "सरळ हाय न्हवं?" आप्पांना ओळखणारा कुणीही माणूस त्यांची ही नक्कल करून दाखवेल. खांब सरळच असायचा. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. "नीट बघून सांगा की पावणं," असं ते वाटसरूलाही दटावायचे आणि तो बिचारा खांब आत्ताच पडणार असल्यासारखा वर बघत राहायचा.

कसबा बावड्याच्या बाजूला तुम्ही कधी गेला असाल, तर हिरव्या जाळीखालची त्यांची रोपवाटिका तुम्हीही पाहिली असेल. लॅबमधून बाटलीत आलेली केळीची बोटभर टिश्यूची रोपं आप्पा सावलीत सांभाळायचे, हळूहळू ऊन दाखवायचे, त्याला ‘हार्डनिंग’ म्हणायचे आणि दणकट झाली की मगच शेतकऱ्याच्या हवाली करायचे. कुणी घाई केली तर "अजून बाळसं धरलं न्हाई" म्हणून त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचे.

मीही बावड्याचीच. मंगळवार पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. आप्पा तिथं पहिल्यांदा आले तेव्हा उजव्या डोळ्याची मधली नजर गेलेलीच होती. वय झालं की काहींच्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो, त्याच्यामागं पाणी साठतं, रक्त उतरतं. कडेचं सगळं दिसतं, पण बघायचं ते नेमकं पुसलं जातं. माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. डाव्या डोळ्यासमोर मी चौकटीचा कागद धरला. आप्पा म्हणाले, "मधल्या सऱ्या वाकड्या झाल्यात की गं." आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण दवाखान्याबाहेर पडले ते पहिल्याच विजेच्या खांबापाशी थांबून डावा डोळा बारीक करून बघत राहिले.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात ठरावीक दिवसांनी इंजेक्शन सुरू केलं. "जनावराला तरी दावणीला बांधून टोचत्यात," म्हणत आप्पा येत राहिले. एकदा त्यांनी विचारलं, की गेलेला पडदा परत येतच नाही का? डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, की प्रयोगशाळेत पडद्याच्या तळच्या पेशी वाढवतात, त्यांचा पातळ पापुद्रा तयार करतात आणि तो डोळ्यात पडद्याखाली बसवून बघतात.

आप्पा खुर्चीतून उठलेच. "म्हंजे टिश्यूचं रोपच की! लावलं की लागतंय!"

"आप्पा, अजून चाचण्या चालू आहेत. आपल्यापर्यंत कधी येईल सांगता येत नाही. तोवर इंजेक्शन चुकवायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

आप्पांनी हे ऐकलं नाही, असं मी म्हणणार नाही. ऐकलं, पण रोपवाल्याच्या कानानं ऐकलं.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. मी फोन केला. "गारगोटीला लेकीकडं आलोय," म्हणाले. त्यानंतरच्या तारखेलाही गारगोटीच. पण या वेळी फोनमध्ये मागं साखर कारखान्याचा भोंगा वाजला. बावड्याचा भोंगा गारगोटीपर्यंत पोचतो हे मला नवीनच होतं. हसू आलं खरं, पण लगेच विरलं. या दुखण्यात चुकलेली तारीख परत मिळत नाही. ते मी रोज बघते.

रविवारी त्यांच्याकडं गेले. आप्पा हिरव्या जाळीखाली खुर्ची टाकून बसलेले. टोपीला पुढून त्याच जाळीची पट्टी शिवलेली, ती डोळ्यांवर लोंबत होती.

"हे काय आप्पा?"

"हार्डनिंग चाललंय. डोळा सावलीत ठिवलाय."

"आणि इंजेक्शन?"

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. आप्पांचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तूच सांग पोरी. तणनाशक मारलेल्या रानात टिश्यूचं रोप कोण लावतंय? जळून जातंय की. एकच डोळा ऱ्हायलाय. रान साफ ठेवाया नको?"

मी त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी वर सारली. "ते तणनाशक नव्हे आप्पा, बांध आहे तो. बांध फुटला तर रोप लावायला रानच राहायचं नाही!"

"फुटतोय कशाला? मी रोज तपासतोय की," आप्पा उसळले. "सकाळी ही उंबऱ्यात हुबी ऱ्हाती, मी हितनं तिचं कुंकू बघतोय. कुंकू दिसलं की डोळा शाबूत. अगं ए, भाईर ये जरा!"

काकी येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आप्पांनी उजवा डोळा झाकला. "हे बघ, दिसतंय! तुझ्या चौकटीच्या कागदापरास ही बरी."

मी काकींच्या कपाळाकडं बघत राहिले. लहानपणापासून मी या बाईला बघतेय. त्यांचं कुंकू म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढं. आज कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू होतं.

मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. काही विचारायच्या आधीच त्यांनी पदर तोंडाला लावला. "एक दिस दिसलं न्हाई तर दिसभर जेवलं न्हाईत गं हे. म्हणून जरा मोठं लावलं. मग आनि जरा. मला वाटलं, भ्यायला नकोत. माझं काय चुकलं व्हय?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात आणलं. पडद्याखाली रक्त उतरून बरेच दिवस झाले होते. इंजेक्शन दिलं, पुढंही देत राहिलो. कडेचं वाचलं, मधलं गेलं. त्या पहिल्या दिवशी परत जाताना रिक्षात काकींनी रडत रडत कुंकवाचं सगळं सांगून टाकलं. आप्पांनी चाचपडत त्यांचा हात धरला. मग म्हणाले, "रडतीस कशाला? रान माझं, चूकबी माझी."

आता ते खांबाकडं बघत नाहीत. भेटले की एवढंच विचारतात, "रोप आलं का गं?" मी म्हणते, "अजून नाही, आप्पा." ते मान हलवतात. मला मात्र तो प्रश्न टाळून जावंसं वाटतं.

परवा सकाळी त्यांच्या दारावरून चालले होते. काकी उंबऱ्यात उभ्या होत्या, कपाळावर तेवढंच मोठं कुंकू. आप्पा मात्र तोंड फिरवून पलीकडच्या आंब्याकडं बघत बसलेले. मला वाटलं, दोघांचं बिनसलंय.

"तिच्याकडं बघितलं की ती दिसत न्हाई," आप्पा म्हणाले. "दुसरीकडं बघितलं की दिसती."

मग आंब्याकडंच बघत त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "दिसलं गं."

तेव्हा कुठं काकी आत गेल्या.