बंद खिडकीतली ओल

ग्वाल्हेरला येईपर्यंत मी कूलर पाहिला नव्हता. आमच्या रत्नागिरीकडे ओल आणि वारा जोडीनंच येतात. त्यांना वेगवेगळं सांभाळावं लागतं हे सातवीत शाळा सुटलेल्या मला कुठून कळणार? तिथल्या दाना ओली मोहल्ल्यातल्या मराठी काकूंकडे मी घरकामाला राहिले. त्यांनी खोली दिली, ओलावा दाखवणारं काट्याचं यंत्र वाचायला शिकवलं. त्यांचे उपकार आहेत, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

मागच्या खोलीत त्यांची ऑर्किडं होती. त्यांतल्या एकाला पाच वर्षांनी कळ्यांची दांडी आली होती. मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी काकू इंदूरला निघाल्या. "काटा साठाच्या खाली उतरू देऊ नकोस गं. कळ्या मी आल्यावरच फुलू देत," म्हणाल्या आणि हसल्या.

दोन दिवसांत लू सुटली, अंग भाजणारा कोरडा वारा. कूलर चालू असूनही काटा पन्नासच्या खाली. कूलरसमोरची खिडकी नेहमी उघडी असायची. मला वाटलं, ओल तिथूनच पळतेय. मी ती लावली, फटींत ओली फडकी कोंबली. काटा सत्तर, ऐंशी, नव्वद. भिंतींना घाम फुटला. गावच्या माजघरासारखा वास आला आणि मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

चौथ्या सकाळी वास वेगळा होता, नासक्या बटाट्याचा. कळ्यांच्या झाडाच्या मधोमध, पानांच्या बेचक्यात, काळा पाणचट डाग. पान धरलं तर हातातच आलं.

शेजारची भाभी दही मागायला आली आणि दारातच थबकली. "अरी पगली, खिड़की तो खोल! ये कूलर है, प्रेशर कुकर थोड़े ही है! हवा इधर से आएगी तो उधर से जाएगी भी ना?"

खिडकी उघडली. पंखा लावला. काटा उतरला, पण डाग थांबला नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "कशी आहेत गं माझी पोरं?" ऑर्किडांना त्या पोरंच म्हणायच्या.

"मस्त आहेत, काकू."

दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. कामावरून काढून टाकलं तर मी जायचं कुठे, एवढंच डोक्यात फिरत होतं. तोवर दांडी मुळाशी मऊ पडून कलली. तिसऱ्या दिवशी मीच फोन करून रडले. त्या ओरडल्या नाहीत. "येते," एवढंच म्हणाल्या.

आल्या त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या. कळ्यांच्या झाडाकडे एकदाच पाहिलं.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर हे बाजूला काढायला लावलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्यांना तरी ही कूज लागायची भीती नसती."

मग त्यांनी शेजारची कुंडी उचलून उजेडात धरली, पानं बोटांनी फाकवली. नंतर तिच्या शेजारची. नंतर तिसरी. तिन्हींच्या बेचक्यात तोच काळा डाग होता. त्यांनी ब्लेड मेणबत्तीवर तापवलं आणि माझ्या हातात दिलं.

"काप. हिरवं दिसेपर्यंत कापत जा."

मी कापत गेले. हिरवं लवकर दिसेना.