रंगारीकाकांचा पांढरा रंग

आमच्या शेजारचे रंगारीकाका पांढऱ्या रंगात चिमूटभर नीळ घालतात, म्हणजे भिंत खुलते. माझी बैठकीची खोली रंगवताना मात्र "अजून पिवळटच दिसतोय" म्हणत ते नीळ घालतच राहिले. खोलीचं आभाळ झालं.

"काका, आता ढग तेवढे काढा," मी म्हटलं. त्यांनी अबोला धरला.

गिऱ्हाइकं पाठ फिरवू लागली, तेव्हा काकूंनी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. निघाला मोतीबिंदू.

"डोळ्यातलं भिंग गढूळ आणि पिवळं झालंय. थेंबांनी जाणार नाही, काढून नवं बसवावं लागेल."

"बाई, माझं पोट या डोळ्यांवर आहे."

"म्हणूनच उशीर नको."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग काका अबोला विसरून चहाला आले आणि दारातच थबकले. एक डोळा झाकून भिंत पाहिली, मग दुसरा झाकून.

"जुन्या डोळ्याला अजून पांढरीच दिसते रे."

"तो डोळा पाहुण्यांना कुठून देऊ?"

काका खाली बसले. "पुन्हा रंगवून देतो. पण डॉक्टरीणबाईंनी महिनाभर धुळीत जायला बंदी केलीय. तोवर एक कर."

"काय?"

"घरी कुणाला बोलावू नकोस. आणि बोलावलंसच, तर रंग तू दिलास म्हणून सांग."