डबीवर नाव माझं होतं

"तुमचा स्पुटम पॉझिटिव्ह आलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. त्यात टीबीचे, म्हणजे क्षयाचे जंतू सापडले होते. पण डबीवर नाव माझं असलं तरी बेडका माझा नव्हता. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीचा, रेश्माचा होता.

असं कुणी करतं का, असं तुम्हाला वाटेल. मी केलं.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात मी शाळेची खिचडी शिजवायचे. नवरा नाही, जमीन नाही, भरवशाचं असं ते एकच काम. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं पोरांनी का खावं, अशी कुरकुर गावात आधीच झाली होती. त्यात दोन महिने खोकला थांबेना, संध्याकाळी अंग तापायचं. चुलीचा धूर लागतो म्हणत मी वेळ मारून नेली. शेवटी घरोघर आरोग्याची चौकशी करणाऱ्या आशाताईंनी डबी हातात दिलीच. "वैनी, सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून बेडका काढा. नुसती थुंकी नको."

टीबी निघाला तर काम जाणार आणि टपून बसलेल्यांचं आयतंच फावणार. या भीतीनं माझी अक्कल गहाण पडली. रेश्माला जरासा खोकला होता, पण पोरगी धडधाकट. "तुझीबी तपासणी हाय," असं सांगून मी डबी तिच्यापुढं धरली.

आता मॅडम गोळ्या समजावत होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हतं. गप्प बसावं, गोळ्या आपल्या नावानं घ्याव्यात, लेकीला गुपचूप द्याव्यात, असंही मनात आलं. लिहिताना लाज वाटते. मग तोंडातून निघूनच गेलं, "मॅडम, ते माझं न्हाय. लेकीचं हाय."

त्या रागावल्या नाहीत. "उद्या तिला घेऊन या. तुमचीही नव्यानं तपासणी करू."

दोघींचे एक्स-रे झाले, बेडके दिले. रिपोर्टसाठी बाकड्यावर बसून मी येडेश्वरी देवीला एकच मागत होते, पोरीचा पहिला रिपोर्ट चुकीचा निघू दे. दोघींचेही पॉझिटिव्ह आले. माझ्याच खोकल्यातून तिला लागण झाली असणार.

"माझा बेडका तू तुझ्या नावानं दिलास व्हय?" रेश्मानं विचारलं. मी मान हलवली. परतताना एसटीत ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

शाळेत मी स्वतःच सांगितलं. टीबी जेवणातून नाही, खोकल्यातून हवेत पसरतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. तरी पोरांची तपासणी होऊन कुणालाच काही नाही हा निरोप येईपर्यंत मी रोज आशाताईंना विचारत राहिले. काम गेलंच. सध्या मिळेल तिथं मजुरीला जाते.

सहा महिने गोळ्या घेऊन आम्ही दोघी बऱ्या झालो. आशाताईंचे आणि मॅडमचे उपकार फिटणार नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरा, खुशाल घाबरा, पण डॉक्टरशी खोटं बोलू नका.

त्या सहा महिन्यांत रेश्मा रोज मला समोर बसवून गोळ्या घ्यायला लावायची. गिळल्या की म्हणायची, "आ कर. जीभ वर कर." आजही साधी तापाची गोळी घेतली तरी ती तोंड उघडून बघते. मी निमूट आ करते. बघायला ती आहे, एवढं मला पुरे.