आठ महिन्यांची होती

जेवताना पुतणीच्या हातून चमचा पडला. तिनं तो उचलला आणि तो पुन्हा पडला. वहिनी खेकसली, "लक्ष कुठं हाय तुयं?" पोर तिसरीत. दोन महिन्यांपासून अक्षर बिघडल्याची बाईंची तक्रार होती, आणि घरात सगळा दोष मोबाइलच्या माथी मारून झाला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तिच्या खांद्याचे झटके मोजले. दर सात-आठ सेकंदांनी एक, अगदी ठरल्यासारखा. हे काय असू शकतं ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी अमरावतीला एका प्रयोगशाळेत गोवराच्या विषाणूवर काम करते आणि शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला घरी येते. हा विषाणू एकटा काहीच करू शकत नाही. पेशीच्या अंगावरचं एक ठरावीक प्रथिन धरून तो आत शिरतो, आणि आत पेशीचंच सामान वापरून स्वतःच्या प्रती काढतो. ते प्रथिन असलेल्या पेशी दोन दिवसांत एकमेकींत विरघळून त्यांचे मोठाले गोळे होतात. बाकीच्या पेशी तशाच दिसतात. सुरुवातीला अशा पेशी वाढवलेल्या बाटल्यांवर मी 'काही नाही' असं लिहून त्या फेकून द्यायचे. एकदा प्रयोगशाळेतल्या सरांनी त्याच पेशी रंगवून पाहायला लावल्या. वरून ठणठणीत, आणि कित्येकींच्या आत विषाणू. बाहेर काही पडत नव्हतं, तो लगतच्या पेशीत नुसता सरकत होता. सर म्हणाले, मेंदूच्या पेशींत तो असाच वर्षानुवर्षं राहू शकतो, त्यातही गोवर तान्हेपणी झाला असेल तर जास्त भीती. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि चहाला गेले.

तेव्हा पुतणी दीड वर्षाची होती. तिचा गोवर होऊन गेला होता.

आमच्याकडे गोवर म्हणजे माय, देवीच. ज्या घरी ती येते त्या दारावर निंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते आणि शेजारच्या बाया तांब्याभर पाणी उंबऱ्यावर घालायला जातात. त्या वर्षी शेजारच्या पोराला गोवर निघाला. वहिनी शाळेत शिकवायला गेलेली, पुतणी माझ्या पायाशी रांगत होती. तिला आठ महिने झालेले, लस नऊ महिने भरल्यावर टोचायची होती. आई तांब्या घेऊन निघाली आणि दारात थांबली. "पोरीले नेऊ काय संग?"

मी एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते, गोवरावरचाच. मान वर न करता म्हणाले, "ने वो माय, मले लिहू दे."

दहा-बारा दिवसांनी पोर लालेलाल झाली. पुढं निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि आई म्हणाली, माय सुखरूप गेली. मी तिच्या भाबडेपणाला हसले, आणि आता हिला जन्मात गोवर होणार नाही अशी शास्त्रशुद्ध ग्वाही दिली. आईपेक्षा मीच जास्त निर्धास्त होते.

दवाखान्यात मेंदूचा आलेख पाहून डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गोवर झाला होता का? कितव्या महिन्यात?" दादा वहिनीकडे बघायला लागला.

"आठ महिन्यांची होती," मी म्हणाले.

मग पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला गेलं. मला जे यायला नको होतं तेच आलं: गोवर मेंदूत राहिला होता. औषधानं थोडं थोपवता येईल, बरं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी जिन्यातच बसली. तिला उठवताना मला स्वतःची किळस आली.

आज सकाळी आईनं तांब्या घासला, भरला. देवळात पाणी घालायला निघाली होती. दारात थांबून तिनं मला विचारलं, "पोरीले नेऊ काय संग?"

तिनं असंच विचारलं होतं ती सकाळ तिला आठवत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"ने," मी म्हणाले. "मी बी येतो."

पुतणीला तांब्या स्वतःच धरायचा होता. मी खालून हात लावून चालत राहिले. देवळापर्यंत अर्धं पाणी सांडलं.