डाव्या पॅडला कणीक

आमच्या भुकूमच्या भजनी मंडळात अभंग तेच ते असायचे, किस्से मात्र दर गुरुवारी नवे. त्यातले अर्धे माझ्या पॅडमुळे झाले, मान्य आहे. बाकीच्यांचा दोष मी घेणार नाही!

मी मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीत, खोली अण्णांच्या घरात. अण्णा म्हणजे माझे घरमालक आणि मंडळाचे पखवाजवाले. मोबाइलला अजून बटणं होती त्या काळात मी हौसेनं एक डिजिटल पॅड आणलं. रबराचे आठ चौकोन, बोट लावलं की आवाज. अण्णांच्याच पखवाजाचे बोल रेकॉर्ड करून मी त्यात भरले. अण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाले, "समदं हाय, पर कातडं कुटंय?"

*

पुढच्या गुरुवारी ऑफिसातून आलो तर डाव्या चौकोनावर कणकेचा गोळा थापलेला!

"अण्णा, हे काय केलंत?"

"आरं, डाव्या तोंडाला कणीक लावल्याबिगर पखवाज घुमतोय व्हय?"

अण्णांच्या घरच्या काकूंनी पखवाजासाठी मळतात तशीच मळून दिली होती. मी टूथब्रश घेऊन फटी साफ करत बसलो, तरी तो चौकोन बंदच. रिपेअरवाल्यानं विचारलं, "सर, आत काय गेलंय?"

म्हटलं, "गहू."

*

वाद्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही मंडळाची रीत. पखवाज बिचारा गुपचूप नमस्कार घ्यायचा. पॅड कुठलं घेतंय! जो नमस्कार करील त्याचा 'धा' वाजणार. पंचाईत झाली ती टाळकरी नानांची. ते कायम उशिरा यायचे आणि नमस्कार करून हळूच मागे सटकायचे. आता ऐन अभंगात 'धा' वाजला की अख्खं मंडळ ओरडायचं, "नाना आले!"

नाना माझ्यावर जाम भडकले. "तुजं मशिन लई चुगलखोर हाय!"

*

लोडशेडिंगही नेमकं गुरुवारीच. गजर रंगात आला आणि पॅड गपगार! अण्णांनी शांतपणे आपला पखवाज पुढे ओढला.

"लाईट गेली की झोपतंय व्हय तुजं वाद्य?"

मंडळ पोट धरून हसलं. मी वायर गुंडाळली.

*

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. पखवाजावर बोटं नुसती टेकायची, बोल उमटेना. "माले गावचा त्यो पखवाजवाला गडी बसवा माज्या जागी," एवढं म्हणाले आणि भजनाला यायचेच बंद झाले. काकू मला म्हणाल्या, "बसल्या बसल्या मांडीवर बोटं हालवत्यात रं. बगवत न्हाई." मलाही बघवत नव्हतं.

हनुमान जयंतीला आम्ही त्यांना बळंच देवळात आणलं. त्यांच्या जागेवर मी पॅड मांडलं होतं, अगदी हलक्या स्पर्शालाही वाजेल असं सेटिंग करून. अण्णांनी मान हलवली. "नगं. आता ह्ये माजं काम न्हाई."

तेवढ्यात काकू बायकांतून उठल्या, पदराखालून कणकेचा गोळा काढला आणि डाव्या चौकोनावर थापला. मी फक्त पॅडचा आवाज वाढवला.

अण्णांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. मग रीतीप्रमाणे नमस्काराला उजवा हात कसाबसा पुढे सरकवला. बोटं टेकली.

'धा!'

त्यांच्याच पखवाजाचा भरदार आवाज देऊळभर घुमला.

मागून नाना ओरडले, "अण्णा आले!"