आपल्या शब्दांत दोन ओळी

आमदाराला पत्र कसं पाठवायचं, हे मनस्वीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. लग्नाआधी ती मुंबईतल्या एका पर्यावरणवाल्या संस्थेत होती आणि संस्थेच्या वेबसाइटवरची तसली पानं तीच तयार करायची. आपण नाव-गाव भरायचं, खाली पत्र आयतं लिहिलेलं असतं, ‘पाठवा’ दाबलं की ते आपल्या नावाने थेट आपल्या आमदाराच्या ईमेलवर. साहेबांच्या दारात ताटकळायला नको. आता पनवेलच्या फ्लॅटमध्ये मुलीची शाळेची बस गेली की जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारून ती हेच काम घरबसल्या करायची, ज्याला हवं त्याला करून द्यायची. स्वतःच्या घरासाठी असं पान करायची वेळ मात्र तिच्यावर बळीरामने आणली.

बळीराम म्हणजे तिचे बाबा. जासईच्या पलीकडच्या गावात एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. भाऊ निकेश लग्न करून उलव्याला फ्लॅटमध्ये गेलेला. बाबांच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस सुरू झालं. त्याचंही एवढं नव्हतं, सुया टोचून घेताना ते नर्सची मस्करी करायचे. खरा छळ रस्त्याचा होता. कंटेनर यार्डांचे ट्रेलर गावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी उभे राहायचे, मधून बाईक गेली तर गेली. रिक्षा आत यायलाच तयार नसायची. जाताना बाबा कसेबसे हमरस्त्यापर्यंत चालत. परत येताना अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखं झालेलं असायचं, मग ट्रेलरच्या सावलीत थांबत, बसत, उठत यायचं. ट्रेलरखाली स्टोव्ह मांडून रोट्या भाजणारे ड्रायव्हर त्यांना उलटा डबा द्यायचे बसायला. बाबांनी त्या ड्रायव्हरांना कधी शिवी दिली नाही. “त्यांला कोणी जागा देली तर ते कशाला आथं मरतील?” म्हणायचे.

मग एकदा ते वाटेत कोसळले. डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं, “दारापर्यंत गाडी जाते अशा ठिकाणी यांना ठेवा.”

“चला माझ्याकडे,” मनस्वी म्हणाली.

“रस्ता मोकळा कर, मंग मी कुठं जात नाय,” बाबा म्हणाले. “घर सोरायला नको सांगूस बाय. पडवीत बसलो का मना चार मान्सा तरी दिसतान. तुज्या तिसऱ्या मजल्यावर काय बघू? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे?”

म्हणून तिने पान केलं. जीव ओतून केलं. पत्र साधं ठेवलं: ट्रेलरांनी गावचा रस्ता अडवला आहे, आजारी माणसाला नेता येत नाही, ट्रेलर तिथून हलवा आणि पुन्हा उभे राहू देऊ नका. पण या धंद्यातली एक गोष्ट ती अनुभवाने शिकली होती. सगळी पत्रं शब्दाला शब्द सारखी आली, की ऑफिसातला माणूस ती एका बोटाने निवडतो आणि एकगठ्ठा बाजूला सारतो. माणसाने स्वतःचं काही लिहिलं असेल तर निदान डोळ्यांखालून घालतो. म्हणून तिने पत्राची चौकट उघडी ठेवली. हवं ते खोडा, हवं ते घाला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या शब्दांत दोन ओळी जरूर लिहा.’ प्रत्येक पत्राची प्रत आपल्याला येईल अशी सोयही केली, म्हणजे कोणी काय लिहिलं ते कळावं.

निकेशने हौसेने लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. ‘आपल्या बायची लिंक हाय, सगल्यांनी भरा.’

पहिली पत्रं आली ती तिने लिहिली होती तशीच. कोणी खाली ‘लवकर करा’ एवढंच वाढवलेलं. मग गुणाबाईचं आलं. गुणाबाई ही शेजारची काकी, बाबांची भाकरी आणि त्यांच्या पथ्याचं अळणी कालवण तिच्याच घरून यायचं. तिने अख्खं पत्र खोडलं होतं आणि फोनमध्ये बोलून लिहिलं होतं: ‘साहेब आमच्या प्रितेशची हळद हाय, तुमी नक्की यावा, तुमी आलं नाय तर लोकांत शोभा होईल.’

मनस्वी एकटीच हसली. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. मग काशिरामचं आलं, नातवाला यार्डात चिकटवा म्हणून. सखूबाईला घरासमोर दिव्याचा खांब हवा होता. कुणाला भजनी मंडळाला तबला, कुणाला क्रिकेटच्या टीमला टी-शर्ट. एकाने तर मेव्हण्याचं कोर्टातलं प्रकरण सविस्तर मांडलं होतं. ट्रेलर हा शब्द पत्रांतून हळूहळू दिसेनासा झाला, आणि तिचं हसूही.

तिने गुणाबाईला फोन लावला. “काकी, अगं रस्त्याचं पत्र होतं ते. तू खोडलंस कशाला?”

“तूच लिवलंस ना, आपल्या शब्दांत लिवा?”

“रस्त्याबद्दल गं!”

“रस्त्याचं समदे लिवणारच हायेत ना बाय. माज्या प्रितेशच्या हळदीचं माज्याशिवाय कोण लिवील?”

साहेबांकडे जायचं ते आपलं काम घेऊन, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. रस्ता हे कुणाचंच काम नव्हतं. मनस्वीने आजवर ज्यांच्यासाठी पानं केली ती माणसं पाणथळ जागांसाठी, पाखरांसाठी लिहिणारी होती, त्यांना साहेबांकडून स्वतःला काही नको असायचं. हे तिच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या ऑफिसातून दीपेश नावाच्या मुलाचा फोन आला. आवाज मधाळ.

“ताई, काय मस्त लिंक केलीय! साहेब एकदम खूश. लोकांच्या मनातलं डायरेक्ट कळतंय.”

“रस्त्याचं काय करताय?”

“रस्त्याचंही आहे त्यात. पण खरं सांगू का ताई, त्याला तेवढी डिमांड नाहीये.”

हळदीच्या दिवशी गावाने चमत्कार पाहिला. साहेब येणार म्हणून सकाळीच पोलिसांची गाडी फिरली आणि दुपारच्या आत रस्त्यावर एक ट्रेलर उरला नाही. नेमका तो बाबांचा डायलिसिसचा दिवस. रिक्षा दाराशी आली आणि परत दाराशी सोडून गेली. बाबा पडवीत ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “आपल्या बायने कागूद पाठवला ना, त्याचा गुण!” मनस्वीने त्यांना तसंच सांगू दिलं.

संध्याकाळी मांडवात डीजे थांबवून साहेबांचा सत्कार झाला. गुणाबाईच्या चेहऱ्यावर हळद प्रितेशपेक्षा जास्त चढली होती. निकेश मनस्वीला हाताला धरून पुढे घेऊन गेला.

“हीच का लिंकवाली ताई?” साहेबांनी हात जोडले. “बंद करू नका हां. आमचं अर्धं काम हलकं केलंत.”

“साहेब, रस्ता आज मोकळा झाला, तो तसाच ठेवा. माझ्या वडलांना—”

“ठेवणार ना! कायमचा ठेवणार. निकेशने नाही का सांगितलं?” त्यांनी निकेशच्या पाठीवर थाप मारली. “तुझं काम झालं रे. तुमच्या शेताच्या जागेत पार्किंग. ट्रेलर सगळे रस्त्यावरून आत. तक्रारच मिटली.”

शेत रस्त्याच्या पार टोकाला होतं, बाबांच्या घराच्याही पलीकडे. आत जाणारा प्रत्येक ट्रेलर त्या पडवीसमोरूनच जाणार होता.

मांडवाच्या मागे, जेवणाच्या टोपांजवळ, तिने निकेशला गाठलं. “कधी मागितलंस हे?”

“ऑफिसात जाऊन. तुज्या लिंकवर टाकलं असतं तर तुला गेलं असतं ना.”

“दादूस, बाबा रस्त्यात पडले होते!”

“मना म्हाइत नाय? मीच उचलून आनला ना त्यांना? पन त्या शेतात आता काय पिकतंय सांग. खारं पानी शिरलंय, बाजूला भराव, गवत पन उगवत नाय. तू पनवेलला बसून रस्ता मोकळा करा बोलतेस. मी काय खाऊ, मोकळा रस्ता?” मग त्याचा आवाज उतरला. “बाबांना तू घेऊन जा ना. डॉक्टर पन तेच बोल्ला.”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याचं काही खोटं आहे असंही म्हणता येईना. ती न जेवता निघाली. गुणाबाईने जबरदस्तीने डबा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर पुन्हा आपापल्या जागी होते. शेतात भराव पडेपर्यंत रस्त्यावर, नंतर रस्त्यावरून शेतात.

मनस्वीने पानावरची चौकट बंद करून टाकली. खोडता येणार नाही, घालता येणार नाही. फक्त रस्ता, नाव आणि ‘पाठवा’. निकेश सोडून गावातल्या प्रत्येकाला तिने स्वतः निरोप धाडला, काकांना काका, मामींना मामी म्हणून. तिने वाट पाहिली. एकही पत्र गेलं नाही. ग्रुपवर तेवढं आलं, ‘लिंक बिघडली हाय.’ आणि गुणाबाईचा फोन आला, “बाय, लिवायची जागा बंद झाली गं. उघड ना. प्रितेशच्या नोकरीचं सांगायचंय साहेबांना. ते वाचतान.”

तिने पानच काढून टाकलं.

बाबांना न्यायला ती गेली तेव्हा त्यांनी कपड्यांची पिशवी आधीच भरून ठेवली होती. भांडण नाही, काही नाही. पडवीत निकेशने टेबल-खुर्ची आणून टाकली होती. पार्किंगचा माणूस तिथे बसणार होता. गुणाबाई दाराशी उभी राहून ढसाढसा रडली. “आता मी भाकरी कोनाला देऊ?” ते रडणं खरं होतं, आणि मनस्वीला त्याचाच जास्त राग आला.

हमरस्त्यापर्यंत तिघं ट्रेलरच्या मधून एकामागे एक चालत गेली. निकेश पुढे, पिशवी डोक्यावर घेऊन. स्टोव्हवाल्या ड्रायव्हरने हाक मारली, “बाबा, आज तो अस्पताल का दिन नहीं है?” बाबांनी नुसता हात हलवला.

हमरस्त्यावर पिशवी देऊन निकेश मागे फिरला, मनस्वी नि बाबा रिक्षात बसले. गव्हाण फाटा गेला तेव्हा बाबा म्हणाले, “सगल्यांनी साहेबांना लिवलं. माजंच राहिलं. मना कुठं त्या फोनमदलं येतंय.”

“मी लिहिते ना, सांगा.” पान नव्हतं तरी पत्ता तिला पाठ होता. तिने फोन काढला, साहेबांचा पत्ता घातला. “काय लिहू?”

रिक्षा डंपरच्या मागे अडकली, सुटली, पुन्हा अडकली.

“नको लिवूस,” ते म्हणाले. “वाचून साहेब एखाद दिवशी घरी यायचे भेटायला. नि घरात आता कोनी नाय.”